खंभातचं पाणी आणि वीज

मंडळी, बडोद्याच्या दांडिया बाजारातून सकाळी निघालं की पादरा, जंबुसर करत आपण कावी-कंबोईला पोचतो. स्तंभेश्वर महादेवाला इथले बरेच जण जाऊन आले असतील. जाताना आपण ओहोटीची वेळ विचारून जातो आणि भरतीची चाहूल लागली की काठावर येतो. मी एकदा अमावस्येनंतर मुद्दाम थांबलो. आधी दूर चिखलात फेसाची रेघ दिसली, मग ती सरकायला लागली. जिथे अनवाणी उभं राहून मी पिंडीवर पाणी घातलं होतं, तिथे थोड्या वेळाने पुरुषभर पाणी होतं.

खुल्या महासागरात भरती जेमतेम हात-दोन हात चढते. मग खंभातच्या आखाताच्या टोकाला, भावनगरच्या बाजूला, उधाणात ती ११ मीटरपर्यंत कशी जाते? ही परात बघा. अर्धी भरली आहे. कशीही हलवली तर पाणी नुसतं थरथरतं. पण एका ठरावीक लयीत हलवली, की तेवढ्याच जोरात काठावरून सांडतं. चंद्र समुद्राला सुमारे १२ तास २५ मिनिटांनी एक झोका देतो, आणि या आखाताची लांबी-खोली अशी आहे, की त्याची स्वतःची लय त्या झोक्याच्या जवळ येते. त्यात आखात नरसाळ्यासारखं निमुळतं. पाण्याला पसरायला जागाच नाही, ते वर चढतं.

विजेचा सगळा हिशेब या उंचीवर आहे. खाडीवर बांध घालायचा, भरतीला दारं उघडून पाणी आत घ्यायचं, ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की ते टर्बाइनमधून सोडायचं. उधाणाला ८ मीटर आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, ४ मीटर फरक धरला, तर वीज निम्मी होते असं वाटेल. तसं नाही. पाणीही निम्मं आणि ते पडतं ती उंचीही निम्मी, म्हणजे वीज चौथाई. एक चौरस किलोमीटरच्या तलावात ८ मीटर पाणी चढलं, तर एका ओहोटीत कागदावर सुमारे ८९ हजार युनिट ऊर्जा असते. हातात येते ती बरीच कमी. पण अष्टमीला ती किती घटेल, हे पंचांग उघडून आजच सांगता येतं. वाऱ्याबद्दल असं सांगता येत नाही, आणि मला या विजेचं सर्वात मोठं मोल तिथेच वाटतं.

हे नवं नाही. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर १९६६ पासून २४ टर्बाइनं फिरत आहेत. क्षमता २४० मेगावॅट, वर्षाकाठी सुमारे ५० कोटी युनिट. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सिहवा इथे २५४ मेगावॅटचं केंद्र सुरू केलं. आपल्याकडे खंभातच्या आखाताचाच सरकारी अंदाज सुमारे ७००० मेगावॅटचा आहे, कच्छच्या आखाताचा १२०० चा. आणि उभं काय राहिलं? काहीच नाही. सुंदरबनातला दुर्गादुआनीचा ३.७५ मेगावॅटचा छोटा प्रकल्पसुद्धा खर्च पाहून बाजूला पडला.

मला याचं वाईट वाटतं. तरीही आखातावर आडवी भिंत घाला, असं मी म्हणणार नाही. रान्सचं मुख बांधकामासाठी काही वर्षं बंद ठेवलं, तेव्हा आतली मासळी, शिंपले, सगळं मेलं. सावरायला दहाएक वर्षं गेली. शिवाय तिथलं पाणी आपल्या पाण्याइतकं गढूळ नाही. इथे नर्मदा, मही, साबरमती गाळ आणतात; आपली विश्वामित्रीसुद्धा ढाढरमार्गे तिथेच जाते. खंभातचं एके काळचं नावाजलेलं बंदर या गाळानेच बुजलं. बांधाआड पाणी थांबलं, की गाळ खाली बसणार आणि तलाव उथळ होत जाणार.

स्कॉटलंडच्या उत्तरेला, पेंटलंड फर्थमध्ये, बांध न घालता समुद्रतळावर दीड-दीड मेगावॅटची चार टर्बाइनं उभी केली. ती वाहत्या पाण्यावर फिरतात. आपण तशी दोन-चार आधी लावून बघावीत, आणि आपल्या पाण्यात पाती किती दिवसांत झिजतात ते मोजावं. पाणी इथलं, तर मोजणीही इथल्याच पाण्यात व्हायला हवी.

ही काचेची बाटली मी परवा कावीहून भरतीच्या पाण्याने भरून आणली. तेव्हा चहासारखी दिसत होती. आता वरचं पाणी नितळ आहे आणि तळाशी राखाडी थर बसला आहे. मागच्या रांगेपर्यंत फिरवा. फक्त हलवू नका, नाहीतर थर दिसायचा नाही.