मिरजेचा तंबोरा आणि आपला कान

श्रोतेहो, नमस्कार.

परवा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका कारागिरांसमोर तासभर बसलो होतो. नव्या तंबोऱ्याची जवारी काढायचं, म्हणजे तारेला झणकार आणायचं काम चाललं होतं. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस एकदोनदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवला. तो केसभर पुढे गेला आणि बद्द वाजणारी तार एकदम झणकारली.

ते मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. घरी येऊन ऐकतो तर दुकानातला पंखा घरघरतोय! तासभर तिथे बसून मला तो ऐकूच आला नव्हता. कान नको ते बाजूला सारतो, माइकला ते जमत नाही. शिवाय तार विरत जाते ना, ते विरणंच गायब. आवाज लहान झाला की फोन आपणहून तो वर उचलतो, त्याबरोबर पंखाही वर येतो.

खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेची, तर गंमतच आहे. काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झचा. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून इतका खालचा सूर निघतच नाही. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण त्या तारेतून मूळ सुराबरोबर आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू सूर कानावर पडतात आणि खालचा पाया मेंदू स्वतः रचतो. मला याचं फार नवल वाटतं. पण भोपळ्यावर हात ठेवल्यावर जी थरथर जाणवते, ती कुठून आणणार?

मैफलीला गेलं म्हणजे मूळ आवाज ऐकला, असंही नाही. तिथेही बहुतेकदा आपण लाउडस्पीकरच ऐकतो. म्हणून एकदा तरी माइकशिवाय वाद्य ऐका, अगदी जवळ बसून.

मिरजेत राहिलेले थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांच्या मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. खरखर भरपूर, पण सुराचा लगाव शाबूत. खरखर काढण्याच्या नादात सुराची कडाच घासून टाकलेली प्रत मला नको वाटते.

दोन स्पीकर किंवा दोन रेकॉर्डिंग ताडून पाहायची असतील, तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करा. जरासा मोठा वाजणारा नेहमीच सरस वाटतो, दुकानात आपण फसतो ते इथेच. तुकडा चारपाच सेकंदांचाच घ्या, कारण आवाजाचा बारकावा ध्यानात फार वेळ टिकत नाही. आणि कोणता चालू आहे ते दुसऱ्याने बदलावं, तुम्हाला न सांगता.

माझं रेकॉर्डिंग मी पुढच्या खेपेला त्या कारागिरांना ऐकवलं. त्यांनी दोन क्षण इअरफोन कानाला लावला, काढून माझ्या हातात दिला आणि तोच तंबोरा उचलून माझ्या कानाशी मधल्या जोडीतली तार छेडली.