उलटीत रक्त दिसलं तर

मिरज स्टेशनवर गाडीतून उतरणाऱ्या कितीतरी माणसांच्या हातात रिपोर्टची पिशवी असते. अथणी, चिकोडीकडनं माणसं इथं दवाखान्याला येतात आणि ही वहिवाट जुनी आहे, डॉ. वानलेस यांनी १८९४ ला इथं हॉस्पिटल काढलं तेव्हापासूनची.

इथल्या कॅज्युअल्टीत रात्री-अपरात्री असे पेशंट येतात की आधी नुसत्या उलट्या, मग कोरडे उमासे, पोटात काही उरलेलं नसताना पण जोर लावून लावून, आणि मग एकदम लालभडक रक्त. होतं काय, उमासा आला की पोटातला दाब झटक्यात वाढतो आणि अन्ननलिका जठराला मिळते तिथलं आतलं अस्तर उभं चिरतं. १९२९ मध्ये बोस्टनच्या मॅलरी आणि वाइस या डॉक्टरांनी असे १५ पेशंट मांडले, सगळे खूप दारू पिणारे, त्यावरून या चिरेला मॅलरी-वाइस टिअर म्हणतात.

पण ही चीर फक्त दारूनंच पडते असं नाही हो. गरोदरपणातल्या उलट्या, खाण्यातनं झालेली विषबाधा, जोराचा खोकला, कशानंही पडते. आणि दारू असली तरी ते लपवू नका, कारण लिव्हर खराब असेल तर रक्त फुगलेल्या शिरेतनं येत असू शकतं, दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर अल्सरमधनं, आणि तिन्हीचे उपचार वेगळे.

आधी नाडी, बीपी, सलाईन, हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं की बहुतेक वेळा रक्त चढवतात, अ‍ॅसिड कमी करायचं इंजेक्शन. मग शक्यतो २४ तासांच्या आत तोंडातनं दुर्बीण टाकून बघतात. दहातल्या आठ-नऊ जणांचं रक्त आपोआप थांबतं, दोन-तीन दिवसांत चीर भरत येते. वाहतच असेल तर दुर्बिणीतनंच बारीक क्लिप लावतात, नाहीतर रबरबँड, कधी अ‍ॅड्रिनलिन टोचून वर क्लिप. पोट उघडायची वेळ क्वचितच येते.

वेगळी भीती एकच, उलटीनंतर छातीत असह्य कळ आणि दम लागला तर अन्ननलिका आरपार फाटलेली असू शकते, तिथं सीटी स्कॅन आणि सर्जन लगेच लागतात.

घरात रक्ताची उलटी झाली, किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर थंड दूध, लिंबूपाणी काही पाजू नका, पेशंटला कुशीवर झोपवा, चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या आणि १०८ ला फोन लावा, सकाळची वाट बघू नका.