दोनशे मीटरच्या खाली

अमेरिकेतलं कनेक्टिकट राज्य, ग्रीनिच गाव. रस्त्याच्या कोपऱ्यावरचा हा दगड जवळून पाहा. त्यावर सहा नावं कोरली आहेत. बरगार्ड, इनमन, ग्रिनन, आर्मस्ट्राँग, एमी, क्रॉन्काइट. शॉर्टवेव्हवरून, म्हणजे आखूड रेडिओ लहरींवरून, अटलांटिक ओलांडणारा पहिला संदेश इथूनच जवळ, एका लहानशा खोपटातून गेला. पाठवणारे सगळे हौशी रेडिओवाले. पगारी माणूस एकही नाही.

सहाही जण रेडिओ क्लब ऑफ अमेरिकाचे सभासद. हा क्लब मुळात पोरासोरांचा. 2 जानेवारी 1909 ला न्यूयॉर्कच्या अन्सोनिया हॉटेलात काही मुलं जमली आणि त्यांनी 'ज्युनिअर वायरलेस क्लब' काढला. पुढच्याच वर्षी हौशी लोकांच्या मुळावर येणारं विधेयक आलं, तेव्हा याच क्लबाने वॉशिंग्टनला जाऊन सिनेट समितीपुढे आपलं म्हणणं मांडलं.

पण 1912 चा कायदा आलाच. हौशी केंद्रांनी 200 मीटर किंवा त्याहून आखूड लहरींवरच राहायचं. लांबचा पल्ला लांब लहरींनाच जमतो, अशी त्या काळी जाणकारांची पक्की समजूत होती. गावाबाहेरचं खडकाळ रान वाट्याला द्यावं, तसं हे वाटप. पोरांनी तेच कसायला घेतलं.

फेब्रुवारी 1921. अमेरिकेच्या हौशी केंद्रांनी अटलांटिकपार हाका मारल्या. इंग्लंडमध्ये कुणालाच काही ऐकू आलं नाही. मग ठरलं, ऐकणारा माणूसही आपलाच पाठवायचा. न्यू जर्सीचे पॉल गॉडली रिसीव्हर घेऊन बोटीत बसले.

इकडे ग्रीनिचला, क्रॉन्काइट यांच्या जागेत, नवं केंद्र उभं राहत होतं. हा त्याचाच फोटो. कॉल साइन, म्हणजे हवेतली ओळख, वन-बी-सी-जी. तोवर बहुतेकांकडे ठिणगी पाडून लहर काढणारी यंत्रं. कडाड आवाज, आणि अर्धी ताकद आजूबाजूच्या लहरींवर सांडलेली. या सहा जणांनी व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, वापरले. एकूण चार. एक व्हॉल्व्ह लहर धरून ठेवतो, उरलेले तीन तिला जोर देतात. लहर अखंड निघते, जागची हलत नाही. वर टी आकाराची अँटेना. रात्री जागून जोडणी केली. आम्ही हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, आजही हा फोटो पाहतो तेव्हा नजर आधी त्या वायरिंगवर जाते.

आणि हे स्कॉटलंड, आर्ड्रोसन. समुद्राकाठचं शेत, त्यात एक तंबू. तंबूपासून निघालेली ही तार पाहा. साधारण 400 मीटर लांब, माणसाच्या दुप्पट उंचीच्या खांबांवर ताणलेली, रोख थेट अमेरिकेकडे. ही बेव्हरेज अँटेना, एका दिशेचं नीट ऐकणारी लांब तार. डिसेंबरचा पाऊस, वारा. आत गॉडली, कानाला हेडफोन, हात डायलवर. समोरच्या रिसीव्हरची रचना, सुपरहेटरोडाइन, आर्मस्ट्राँग यांनीच शोधून काढलेली. म्हणजे त्या रात्री ग्रीनिचला पाठवणाऱ्यांत आर्मस्ट्राँग होते, आणि ऐकणाऱ्याच्या हाताखालीही त्यांचंच डोकं होतं.

ग्रीनिचमध्ये 11 डिसेंबरची रात्र. आर्ड्रोसनला 12 तारीख उजाडायची होती, पहाटेचे तीनच्या आसपास. समुद्रापलीकडून मोर्स संकेतांचं कट्ट-कडकट्ट येत राहिलं. गॉडली अक्षर अक्षर टिपत गेले. मजकूर एवढाच, 'हार्दिक अभिनंदन', आणि खाली सहा नावं. दगडावर आहेत तीच.

हा संदेश एकाच बाजूचा. नोव्हेंबर 1923 मध्ये अमेरिकेच्या हौशी केंद्रांचं फ्रान्समधल्या नीसच्या लेऑन डेलॉय यांच्याशी, 110 मीटरच्या आसपास, दोन्हीकडून बोलणं झालं. मग कंपन्या आणि सरकारं शॉर्टवेव्हवर उतरली.

हा दगड क्लबाने 1950 मध्ये बसवला. तेव्हा आर्मस्ट्राँग हयात होते.