तुरळक ठिकाणी, म्हणजे नेमकं आमच्याच शेतात

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, आणि आभाळ भरलं तर आधी पळता यावं म्हणून दाराशीच उभे राहिलेले सगळे! पत्रिकेवर विषय छापलाय ‘वळीव आणि धूळवाफ पेरणी’, म्हणजे उन्हाळ्यातला पाऊस आणि पावसाळ्याआधी कोरड्या मातीतच केलेली भाताची पेरणी. त्यावर येतोच. आधी माझं एक जुनं दुखणं ऐका.

रेडिओवर सांगतात, ‘तुरळक ठिकाणी पाऊस’. आपल्याला वाटतं, हे हात झटकणं झालं. तसं नाही. हवामान खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे त्या भागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. पण भाग केवढा? आपला बेळगाव जिल्हा बघा. एका टोकाला कणकुंबी, मलप्रभेचा उगम, पावसाळ्यात वाळत घातलेला कपडा चार दिवस वाळत नाही. दुसऱ्या टोकाला अथणी, आभाळाकडं डोळे लावून बसलेलं. दोघांना अंदाज एकच!

तर आमच्या विटा. मसूर निघाली, रान मोकळं झालं, म्हणून त्या उन्हाळ्यात आम्ही विटा पाडल्या. वीस हजार कच्च्या विटा ओळीनं उभ्या. दुपारी चारला राजहंसगडाच्या मागनं काळं उठलं. आई म्हणाली, ‘पाऊस येऊलालाय की रे, झाका.’ दादा म्हणाला, ‘आपल्याकडं येत नाही गं, तो तिकडंच जातोय.’ दादाचा आत्मविश्वास हवामान खात्याहून मोठा. शिवाय ताडपत्री होती कुठं? पावण्यांच्या लग्नात, मांडवावर.

पुढची वीस मिनिटं सांगवत नाहीत. विटेच्या आधी कडा जातात. मग कोपरे गोल होतात, आणि मग ती खाली बसते, चहात बुडवलेल्या खारीसारखी. आम्ही पोती, गोणपाट, आजीचं लुगडं, मिळेल ते टाकत होतो. बांधापलीकडच्या शेजाऱ्याच्या विटा कोरड्या ठणठणीत! आणि लग्नात? थेंब नाही. आमची ताडपत्री तिथं ऊन अडवत होती.

संध्याकाळी दादा ती आणायला बसनं निघाला. कंडक्टर खुशीत कन्नडमध्ये म्हणाला, ‘मळी चलो आत नोड्री’, म्हणजे पाऊस चांगला झाला बघा. झालं! दादाचा आवाज असा चढला की बसमधल्या लोकांना वाटलं, भाषेवरनं पेटलं. नाही हो, विटांवरनं.

यात कंडक्टरची चूक नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो. जमीन तापते, समुद्राकडची ओल येते, हवा उसळते आणि दुपारनंतर ढग उभा राहतो. तो एकेकटा, चार-पाच मैलांचा. तो कुणाच्या शिवारावर फुटेल हे आदल्या दिवशी सांगणं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पेरणी.

वळवाशिवाय नांगर चालत नाही, ढेकळं फुटत नाहीत. पण रोहिणीच्या आसपास कुरीनं, म्हणजे पेरणीच्या अवजारानं, कोरड्या मातीत भात पेरायचं तर रान सुकलेलंही पाहिजे. म्हणजे वळीव यायला पाहिजे आणि वेळेवर थांबायलाही पाहिजे, जावयासारखं. लागोपाठ दोन मोठे झाले की वाफसा, म्हणजे माती पेरणीजोगी असण्याची वेळ, हुकला. मग धूळवाफ विसरा, रोप लावा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक शिवारात एक पर्जन्यमापक आणि एक वही ठेवा. सकाळी साडेआठला बघायचं, लिहायचं. १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, गुंठ्याला साधारण १०० लिटर. सरकारनं ग्रामपंचायतीगणिक यंत्रं बसवलीत, पण पंचायतीच्या छतावर पडलेला पाऊस माझ्या बांधावर पडत नाही, हे मी वीस हजार विटा देऊन शिकलोय. चार उन्हाळ्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर निदान कुठल्या आठवड्यात घाई करायची नाही ते दिसेल. आणि वीज चमकली की गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीननं भागलं की किलोमीटर. दहाच्या आत असेल तर झाडाखाली नाही, घरात.

दाराशी हालचाल दिसतेय. वह्या मी छापून आणल्यात, टेबलावर आहेत. ताडपत्रीही आहे माझ्याकडं, विटांसाठी मागा, देतो. लग्नाला मिळणार नाही.