नफ्यातले ५ टक्के: टार्गेटच्या दानाची गोष्ट

२५ जून १९८७. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळाचं खास अधिवेशन भरलं होतं, फक्त एका दिवसाचं. आणि काम काय, तर एक दुकानदार कंपनी वाचवायची!

नमस्कार मंडळी. त्या कंपनीचं नाव डेटन हडसन. आज आपण तिला टार्गेट म्हणून ओळखतो. त्या वेळी वॉशिंग्टनजवळचा डार्ट ग्रुप तिचे शेअर गोळा करून ती ताब्यात घ्यायला निघाला होता. गव्हर्नर रूडी परपिच यांनी अधिवेशन बोलावलं आणि अशा बळजबरीच्या खरेदीला अडथळा आणणारा कायदा त्याच दिवशी मंजूर झाला. नोकऱ्या जातील ही भीती होतीच. पण एका खासगी कंपनीसाठी अख्खं राज्य असं धावून का आलं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

जॉर्ज डेटन यांनी १९०२ साली मिनिआपोलिस शहरात दुकान सुरू केलं. १९१८ मध्ये त्यांनी १० लाख डॉलर बाजूला काढून समाजकार्यासाठी एक फाउंडेशन उभारलं. आणि १९४६ पासून कंपनीने ठरवलं, की दरवर्षी करपात्र नफ्यातले ५ टक्के दान करायचे.

[स्क्रीनवर: १९४६ – ५%]

आता हे ५ टक्केच का? १९३५ पासून अमेरिकेच्या करकायद्यात कंपन्यांना दानावर सूट मिळत होती आणि तिची कमाल मर्यादाच मुळी ५ टक्के होती. बाकीच्या बहुतेक कंपन्या तिच्या जवळपासही फिरकत नव्हत्या. डेटन मंडळींनी ती पूर्ण गाठायची ठरवली. मला या सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. धंदा बरा चालला की देऊ, मंदी आली की हात आखडता घेऊ, असं नाही. वाटा आधीच ठरलेला. त्यामुळे शहरातल्या संस्थांना पुढच्या वर्षाचा हिशेब मांडता येतो. वाद्यवृंद, कला संग्रहालयं, वस्त्यांमधली कामं, सगळ्यांना त्याचा आधार झाला. १९७६ मध्ये तर मिनिआपोलिसच्या व्यापारी मंडळाने ५ टक्के देणाऱ्या कंपन्यांचा एक क्लबच काढला. १९८७ मध्ये राज्य धावून आलं, त्यामागे हा जिव्हाळाही होता.

म्हणून कुठल्याही मोठ्या दुकानाने 'आम्ही १० कोटी दिले' असं सांगितलं, की पहिला प्रश्न विचारा: नफा किती? नफा १,००० कोटींचा असेल, तर ते १० कोटी म्हणजे १ टक्का. आणि दुसरा प्रश्न: हे पैसे कोणाचे? बिल करताना काउंटरवर 'डोनेशन ॲड करू का?' असं विचारतात ना, ते पैसे तुमचे असतात. दुकान फक्त गोळा करून पुढे पोचवतं. त्यात वाईट काही नाही, पण कंपनीच्या दानात ते मिसळून सांगितलेले मला पटत नाहीत.

आता कर्मचाऱ्यांचं श्रमदान. फोटोपुरतं झाड लावणं आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण दुकानातल्या माणसाला एखाद्या फूड बँकेत, म्हणजे दान आलेलं अन्न गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या संस्थेत, उभं करा, मग बघा. खोक्यातून डबे निघतात, मिसळलेले: टोमॅटो, राजमा, सूप, बेबी फूड. प्रत्येकाची तारीख बघायची. डबा फुगला असेल किंवा शिवणीवर चेपला असेल, तर थेट बाद. उरलेले प्रकारानुसार लावायचे, जवळची तारीख पुढे. हे काम स्टोअरची माणसं रोज शेल्फवर करतात, त्यामुळे त्यांचे तीन तास खरोखर कामी येतात. फक्त एवढं विचारा, की हे तास पगारी वेळेतले आहेत की कर्मचाऱ्याच्या सुट्टीतले? सुट्टीतले असतील तर देणारा तो कर्मचारी आहे, त्याचं श्रेय त्यालाच मिळायला हवं.

आपल्याकडे गणित वेगळं आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी अट लागू झाली, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करणं बंधनकारक. आपली बहुतेक मोठी रिटेल साखळी दुकानं यात येतात. म्हणजे २ टक्क्यांपर्यंत कायदा पाळला असं म्हणायचं. त्याच्या वर जे जाईल, ते कंपनीने मनाने दिलेलं.

आणि हे तपासता येतं, बरं का. संचालक मंडळाने मंजूर केलेले सीएसआर प्रकल्प कंपनीला स्वतःच्या वेबसाइटवर टाकावे लागतात. शिवाय केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कंपनीचं नाव टाकून खर्चाचे आकडे पाहता येतात. तुम्ही महिन्याचा किराणा जिथून भरता, त्या कंपनीपासून सुरुवात करा. आणि यादीत तुमच्या जवळपासची एखादी शाळा किंवा दवाखाना दिसला, तर एकदा तिथे जाऊन काम कसं चाललंय ते विचारून या.