रविवारचं ताट

(दृश्य: सकाळ, मटणाचं दुकान, पिशव्या घेऊन उभी माणसं)

रविवार, सकाळचे साडेसात. बेळगाव. दुकानाची पाटी कन्नडात, भाव मराठीत, आणि मागून कुणीतरी हिंदीत घाई करतंय. रांगेत एक निवृत्त गुरुजी आहेत. बारा वर्षं झाली, त्यांना शुगर आहे.

शुगर निघाली तेव्हा घरात फर्मान सुटलं होतं, मटण बंद. गुरुजींनी तीन रविवार पाळलं. चौथ्या रविवारी शेजारच्या चुलीवरून वास आला आणि सोमवारी गुरुजी तक्रार घेऊनच डॉक्टरांपुढे बसले. डॉक्टरांनी उलट विचारलं, "मटणाबरोबर भात किती होतो, गुरुजी?"

गुरुजी गप्प.

(दृश्य: खानापूर भागातली भाताची खाचरं)

गुरुजी मूळचे खानापूरकडचे. तिकडे रस्सा म्हणजे भात ओलवायचं निमित्त. निपाणी-चिक्कोडीकडे गेलात तर भाताच्या जागी भाकरी येते, तीही कुस्करून, एकावर एक. मटणात पिष्ट, म्हणजे पोटात साखर होणारा भाग, जवळपास नसतंच. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात मात्र ते साधारण २८ ग्रॅम असतं, आणि रविवारी दुपारी १०० ग्रॅमवर कोण थांबतं? साखर मोजायच्या मीटरवर चढलेला आकडा बोकडाचा कमी, भाताचा जास्त.

म्हणून मटणाला मोकळं सोडायचं असंही नाही. मधुमेहात हृदय आणि मूत्रपिंडं आधीच जपायची असतात. त्यांना नडतं ते चरबी आणि मीठ.

(दृश्य: ठोकळ्यावर सुरी, जवळून)

"मामा, मांडीचं करा. चरबी घालू नका."
"चरबीशिवाय चव कुठली, गुरुजी!"
"चव ठाऊक आहे, म्हणूनच सांगतोय."

मामांचा हात सवयीनं चरबीच्या पांढऱ्या गोळ्याकडे जातोच. काटा थोडा कमी भरला की चरबीचा एक तुकडा वर टाकायचा, ही इथली जुनी रीत. गुरुजी तो तुकडा परत ठेवायला लावतात. काळजाचा एवढासा तुकडा मात्र घेतात, त्यात लोह भरपूर असतं. भेजा नाही. १०० ग्रॅम भेज्यात हजार मिलिग्रॅमहून जास्त कोलेस्टेरॉल असतं.

कोंबडी घेतली तर चामडी काढून. गावरान कोंबडी चामडीसकट भाजायची हौस आपल्याकडे मोठी आहे, पण चरबीचा मोठा वाटा त्या चामडीतच असतो.

मासळी चोर्ला घाटातून येते, गोव्याची. बांगड्याला तेल असतं, पण ते हृदयाला मानवणारं. फक्त त्याला रव्यात लोळवून तेलात सोडू नका. कालवण करा, नाहीतर तव्यावर थेंबभर तेलात भाजा. आणि त्याच घाटातून येणारे चोरीस, म्हणजे गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज? ते घरी न आलेलेच बरे. मीठ आणि चरबी दोन्ही ठासून भरलेली.

(दृश्य: पाट्यावर वाटण)

आता स्वयंपाकघर. सुक्या खोबऱ्याच्या निम्म्याहून जास्त वजन चरबीचंच असतं. सूनबाईंनी खोबरं निम्मं केलं, भाजलेला कांदा वाढवला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, आता कुणी विचारतही नाही. ताटात आधी कांदा, काकडी आणि मेथीची भाजी. शिजलेलं मटण तळहाताएवढं, बोटं सोडून. भात एक वाटी, नाहीतर एक भाकरी. दोन्ही नाही.

एका रविवारी घोटाळा झाला तो वेगळाच. दुपारी मटण आहे म्हणून गुरुजींनी सकाळी नुसत्या चहावर शुगरची गोळी घेतली. कुकरची शिट्टी व्हायला दोन वाजले. त्याआधीच घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर वाढली नव्हती, घसरली होती. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी मीटर लावला, तेव्हा घरच्यांचा जीव भांड्यात पडला. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना जेवणाची वेळ चुकवून चालत नाही, मटण असो वा वरण.

उलटंही होतं. चरबीचं जेवण पोटात रेंगाळतं, त्यामुळे साखर उशिरा चढते. दोन तासांनी आकडा बरा दिसला म्हणून संध्याकाळी पुन्हा भात वाढून घेऊ नये. आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा आकडा) वाढलं असेल तर मांस किती खायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

(दृश्य: सोमवार सकाळ, फ्रिजमधलं पातेलं)

उरलेला रस्सा रात्रभर फ्रिजमध्ये होता. वर पांढरी साय धरलीय, मेणासारखी. सूनबाई चमच्यानं ती अख्खी उचलतात.

"ते ठेव गं, फोडणीला होईल."

"बघा तरी किती आहे, मामंजी," म्हणत सूनबाई चमचा त्यांच्या डोळ्यांपुढे धरतात.

गुरुजी चष्मा लावतात, बघतात आणि पेपर उघडतात.