पाचव्या महिन्यातला गोट्या

नमस्कार श्रोतेहो. मागच्या भागात मांजरांवर बोललो, तेव्हा ‘आम्हा कुत्रेवाल्यांनी काय घोडं मारलंय’ अशी पत्रं आली. तर आज कुत्र्यांची पाळी. त्यातही मांडीवर मावणारी, लहान चणीची कुत्री. अशा कुत्र्याचं पिल्लू घरात येतं तिथपासून ते पुरतं वयात येईपर्यंत काय काय होतं, ते आज बघू. जाती पुष्कळ आहेत, पण सगळ्या घ्यायला बसलो तर बातम्यांची वेळ होईल. म्हणून एकच धरतो, पॉमेरेनियन. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत एक पॉमेरेनियन असतोच.

असतो, म्हणजे तसं सांगितलेलं तरी असतं. आपण ज्याला सर्रास पॉमेरेनियन म्हणतो, तो बऱ्याचदा इंडियन स्पिट्झ असतो. पांढराशुभ्र, टोकदार कानांचा, पाच-सात किलोंचा, आणि आपल्या हवेला सरावलेला. उत्तम कुत्रा आहे, माझी काही तक्रार नाही. पण मग लोक येतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, पॉमेरेनियन म्हणून आणला, वाढतोय वाढतोय, थांबतच नाही.’ अहो, तो थांबेल, पण स्पिट्झच्या मापावर थांबेल. खरा पॉमेरेनियन मोठा झाल्यावर दीड ते सव्वातीन किलो. बस्स. आणि ‘टीकप’ नावाची कुठलीही जात नाही बरं का. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कोणत्याही मान्यताप्राप्त केनेल क्लबच्या यादीत ती सापडणार नाही. कपात बसवून फोटो काढला की किंमत वाढते, एवढाच त्याचा अर्थ.

हा कुत्रा मुळात एवढा लहान नव्हता. बाल्टिक समुद्राच्या काठी पोमेरेनिया नावाचा प्रांत आहे, आज थोडा जर्मनीत, बाकीचा पोलंडमध्ये. तिकडचे याचे पूर्वज चांगले दहा-बारा किलोंचे होते. राणी व्हिक्टोरिया १८८८ साली इटलीत फ्लॉरेन्सला गेली आणि तिथून मार्को नावाचा लहानसा पॉमेरेनियन घेऊन आली. राणीनं लहान कुत्रा पाळला म्हटल्यावर सगळ्यांना लहानच हवा झाला आणि पुढच्या काही दशकांत या जातीचा आकार पार उतरला. अंग लहान केलं, पण थंड मुलखातला केसांचा दुहेरी कोट तसाच ठेवला. आज मी जो किस्सा सांगणार आहे, त्याचं मूळ या कोटातच आहे.

त्याआधी वाढीचं थोडक्यात. लहान कुत्रं लवकर मोठं होतं. ग्रेट डेनसारख्या थोराड कुत्र्याला भरायला दीड-दोन वर्षं लागतात. पॉमेरेनियन आठ-दहा महिन्यांत आपल्या पूर्ण वजनाला पोचतो. जन्मतः डोळे मिटलेले असतात, ते दहा ते चौदा दिवसांत उघडतात. कान त्यानंतर थोड्या दिवसांनी उघडतात. आठ आठवडे तरी आईजवळ राहू द्या. त्याआधी कुणी हातात ठेवत असेल तर घेऊ नका.

आणि घरी आणल्यावर पहिली गोष्ट, उपाशी ठेवायचं नाही. अर्धा-पाऊण किलोचं पिल्लू, त्याच्या अंगात साखरेचा साठा तो किती असणार? फार वेळ पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर घसरते. पिल्लू थरथरतं, झोकांड्या खातं, मलूल पडतं, कधी झटकेसुद्धा येतात. असं दिसलं तर बोटावर मध किंवा साखरेचं पाणी घेऊन हिरड्यांना चोळा आणि तडक डॉक्टर गाठा. तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागेल. चार महिन्यांचं होईपर्यंत दिवसाला चार वेळा खाणं, थोडं थोडं. पुन्हा सांगतो, चार वेळा, थोडं थोडं. सकाळी एकदाच वाडगाभर दूधपोळी घालून ऑफिसला निघून जायचं, हे या पिल्लाला चालत नाही.

आता केसांकडे येतो, आणि केसांकडे आलो की मला गोट्या आठवतो. मी ‘डोंबिवलीला असताना’ एवढं म्हटलं की आमच्या घरात लोक उठून आपापल्या कामाला लागतात. तुम्ही मात्र बसा.

तर डोंबिवलीला माझा दवाखाना होता. तिथं देवगडकडचं एक कुटुंब यायचं. त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत नातीसाठी पॉमेरेनियनचं पिल्लू आणलं. क्रीम रंगाचं, दोन महिन्यांचं, अगदी पिंजलेल्या कापसाचा गोळा. घरातल्यांनी नाव ठेवलं ब्रूनो. हल्ली सगळेच ब्रूनो असतात. बागेत जाऊन ब्रूनो अशी हाक मारा, पाच-सहा कुत्री आणि एखादा माणूस वळून बघेल. आमच्या लहानपणी मोती असायचा, वाघ्या असायचा, हाक मारताना तोंड भरून यायचं. असो. आजीनं काही ते ब्रूनो मान्य केलं नाही. ती त्याला गोट्या म्हणू लागली आणि आठवड्याभरात तो गोट्यालाच ओ द्यायला लागला, कारण वाडगं आजीच्या हातात होतं. ही तीच आजी, जिनं कुत्रं आलं तर मी गावाला जाईन, असं सांगितलं होतं.

गणपती आले. कोकणातला माणूस गणपतीला गावी जातोच, त्याला पर्याय नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे रोह्यापासून पार खालपर्यंत सुरू झाली, तेव्हा वाटलं होतं की आता सुटलो. कसलं काय! आरक्षण उघडतं आणि तुम्ही डोळे चोळेपर्यंत संपतं. त्या गर्दीत कुत्र्याचं पिल्लू कुठं नेणार? म्हणून गोट्या समोरच्या शेजारणीकडे राहिला. बाई एकदम चोख. वेळेवर खाणं, वेळेवर फिरवणं. आणि तिची कॉलेजातली मुलगी रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसायची आणि कंगव्यानं विंचरायची.

गोट्या तेव्हा पाचव्या-सहाव्या महिन्यात होता. आणि श्रोतेहो, पॉमेरेनियनच्या पिल्लाचे जन्मापासूनचे मऊ केस चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान गळतात. नवे यायला वेळ लागतो. मधल्या काळात पाय लांब झालेले, तोंड निमुळतं झालेलं, मान उघडी, शेपटी काडीसारखी. सगळ्यात आधी तोंडावरचे आणि पायांवरचे केस जातात. घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत हे हळूहळू घडतं, म्हणून फारसं जाणवत नाही. इथं घरची माणसं गावी, आणि सुटत आलेला सगळा कापूस त्या मुलीनं विंचरून काढलेला.

अनंत चतुर्दशी करून मंडळी परत आली. शेजारणीनं दार उघडलं आणि आतून एक लांब तंगड्यांचं, टोकदार नाकाचं, उंदराच्या शेपटीचं जनावर धावत बाहेर आलं आणि आजीच्या अंगावर उड्या मारायला लागलं.

आजी दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, “ह्यो कोणाचो?”

“अहो आजी, तुमचाच की गोट्या!”

“ह्यो आमचो नाय.”

झालं. त्यातून त्या शेजारणीच्या भावालाही एक पॉमेरेनियन हवा होता, हे जिन्यावरच्या गप्पांत आधी येऊन गेलेलं. आजीनं दोन आणि दोन जोडले. दोन्ही दारं दिवसा बंद राहायला लागली. उसनी नेलेली साखरेची वाटी, तीही रिकामी, परत आली. इमारतीत आता दोन पक्ष झाले. आणि एका रविवारी सकाळी ही सगळी वरात माझ्या दवाखान्यात आली. आजी, मुलगा, सून, नात, शेजारीण, तिची मुलगी, आणि मुलीच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत काय, तर गोट्याचे केस. मुद्देमाल म्हणून आणले होते. पोरगी रडवेली होऊन म्हणाली, “डॉक्टर, मी फेकले नव्हते, बघा.”

मी लसीकरणाचं कार्ड मागितलं. त्यावर पहिल्या भेटीत माझ्याच हातानं लिहिलेलं होतं, नर, क्रीम, बेंबीला लहान हर्निया. पिल्लांमध्ये असा हर्निया पुष्कळदा असतो. पोट चाचपलं, तर बेंबीपाशी तो मऊ फुगवटा होता तसाच होता. मी सगळ्यांना दाखवला आणि म्हटलं, “आजी, हा तुमचाच. ही बघा बेंबीची खूण.”

आजी म्हणाली, “बेंबी काय, सगळ्यांकच आसता!”

मी म्हटलं, बरं, दात बघू. ओठ वर केला. वरचा सुळा निघाला होता आणि त्याला चिकटून दुधाचा सुळाही तसाच उभा. एका जागी दोन. लहान जातींमध्ये हे नेहमी दिसतं, जबडा लहान, दुधाचा दात हटत नाही. मी हे समजावून सांगतोय, तर आजीनं तिथंच निकाल दिला. “बघा! आमच्या गोट्याक दात कमी होते, ह्येका जास्त आसत. आता बोला.”

यावर मी काय बोलणार? मुलाला, सुनेला पटलं. नातीला तर आधीपासून ठाऊक होतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. आजीला नाही पटलं. पण मुकं जनावर, त्याचा काय दोष, असं म्हणून तिनं त्या ‘दुसऱ्या’ कुत्र्याला घरी ठेवून घेतलं. खाऊपिऊ सगळं नीट घालायची, फक्त गोट्या म्हणायची नाही. निघताना मुलानं मला हळूच विचारलं, “मशीन मारून सगळे केस काढून टाकू का? म्हणजे एकसारखे येतील.” मी म्हटलं, खबरदार!

कारण आत नवा कोट येत असतो. खाली दाट मऊ लोकर, वर लांब सरळ राठ केस, असे दोन थर. ते साधारण दहा महिन्यांपासून वर्षापर्यंत भरतात, काहींचे दोन वर्षांपर्यंतही भरत राहतात. मशीन फिरवलं तर कधीकधी ते केस महिनोन्‌महिने येत नाहीत, काहींचे पुन्हा नीट येतच नाहीत. उन्हाळ्यात भादरून आणतात लोक, गरम होत असेल म्हणून. हा कोट उन्हापासूनही कातडी वाचवतो. विंचरा, गुंता सोडवा, पण मशीन नाही. पुन्हा सांगतो, पॉमेरेनियनला मशीन नाही.

तर पुढच्या उन्हाळ्यात गोट्या वार्षिक लसीला आला. मानेभोवती आयाळ, पाठीवर वळलेला शेपटीचा झुपका, आणि क्रीमचा रंग पालटून पाठीवर, कानांवर नारिंगी छटा. या जातीत रंगही असा बदलतो. कडेवर घेऊन स्वतः आजी आल्या होत्या. चेहरा नुसता फुललेला.

“डॉक्टरानू, गावलो आमचो गोट्यो!”

मी विचारलं, “आणि मधे होता तो?”

“तो गेलो आसतलो आपल्या घराक.”

शेजारणीलाही आजीनं मोठ्या मनानं माफ करून टाकलं होतं. शेजारणीला ते कळल्यावर ती काय म्हणाली, ते आकाशवाणीवर सांगता येणार नाही.

आता माझ्याकडे वेळ थोडा उरलाय, म्हणून भराभर.

दात. दुधाचे अठ्ठावीस, पक्के बेचाळीस. साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात, सात महिन्यांपर्यंत सगळे बदलायला हवेत. नंतरही दुधाचा सुळा राहिला तर काढून घ्या, नाहीतर मधे अन्न अडकतं आणि पक्का दात वाकडा येतो. गोट्याचा आम्ही नसबंदीच्या वेळी, त्याच भुलीत काढला आणि हर्नियाही तेव्हाच शिवला.

हाडं. पुढच्या पायाची हाडं फार बारीक असतात आणि मनगटाजवळ रक्तपुरवठा कमी, त्यामुळे मोडली की जुळायला त्रास देतात. सोफ्यावरून, पलंगावरून उडी मारू देऊ नका. लहान मुलांना सांगा, उभ्यानं उचलायचं नाही, खाली बसून मांडीवर घ्यायचं.

स्वभाव. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. कुकरची शिट्टी, लिफ्ट, दाढीवाला माणूस, सगळं तेव्हाच दाखवा. लसी पुऱ्या व्हायच्या असतील तर कडेवरून दाखवा, जमिनीवर सोडू नका, पार्व्हो या संसर्गजन्य रोगाची भीती असते. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत द्याव्या लागतात, आणि रेबीजची तिसऱ्या महिन्यात. सहाव्या महिन्यानंतर पोरगं ऐकेनासं होतं, टेबलाच्या पायावर तंगडी वर करतं. तो वयाचा भाग आहे, मारू नका. मादी असेल तर पहिला माज सहा ते दहा महिन्यांत येतो, तेव्हा बाहेर मोकळी सोडू नका.

खाणं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण, बिलकूल नाही. बेदाणा लावलेला लाडू खाली पडला तर माणसानं आधी उचलावा. पोह्यातला कांदा वेचून दिला तरी चालत नाही, शिजलेला कांदाही तितकाच वाईट. पिल्लाचं खाणं दहा-बारा महिन्यांपर्यंत, मग मोठ्यांचं.

काचेपलीकडून हात हलायला लागलेत. एकच राहिलं. या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, गळपट्ट्याला साखळी लावून ओढू नका. छातीभोवतीचा हार्नेस घ्या, आणि पिल्लू वाढतं तसा दर महिन्याला त्याचा पट्टा सैल करून बघत जा, दोन बोटं आत गेली पाहिजेत. नमस्कार.